दहा सोमवार

ज्याची उपजीविका बोलण्यावर चालते त्याने मौनाविषयी लिहावयास बसणे म्हणजे हलवायाने उपवासाचे माहात्म्य सांगण्यापैकीच होय, हे आम्ही जाणून आहो. गेली वीस वर्षे आम्ही ग्वाल्हेरीस वकिली करीत आलो. बोलण्याचे पैसे मिळतात, गप्प बसण्याचे मिळत नाहीत, हा आमच्या धंद्यातील पहिला धडा. असे असता गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही आपण होऊन इगतपुरीस गेलो आणि तेथील विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस मौन धरून राहिलो, ही वार्ता बार रूममध्ये पसरली तेव्हा एका ज्येष्ठ स्नेह्यांनी चहाचा पेला खाली ठेवून विचारले, "पण तुमचा पक्षकार कोण होता?" आम्ही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

आमचे घराणे मूळचे गोमंतकातले, मंगेशाचे कुळावी. अठराव्या शतकात महादजी शिंद्यांच्या पदरी जिवबादादा केरकर, लखबादादा लाड यांच्यासारखे शेणवी सरदार नावारूपास आले. त्यांच्या आगेमागे गोव्याकडील जी कुटुंबे उत्तरेत उतरली त्यांतलेच आपण एक, असे आमच्या घरात सांगत आले आहेत. 1810 साली दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि तो तळच पुढे लष्कर नावाचे शहर होऊन बसला. त्या लष्करात आमच्या पिढ्या वाढल्या. घरात मराठी बोलतात, पण तिला हिंदीचे वळण लागलेले. कोंकणी आजीबरोबर गेली. तिचे दोन शब्द तेवढे मागे राहिले. आम्ही भावंडे भांडू लागलो की आजी स्वयंपाकघरातून ओरडे, "ओगी राव!" गप्प रहा! आमच्या मुलांनाही हे दोनच कोंकणी शब्द ठाऊक आहेत.

ग्वाल्हेर हे गाव एका तपस्व्याच्या नावावर वसले आहे. सूरजसेन नावाचा राजा शिकारीत तहानेने व्याकूळ होऊन या टेकडीवर आला. ग्वालिपा नावाच्या साधूने त्याला कुंडातील पाणी दिले आणि त्याचे कुष्ठ गेले, अशी दंतकथा आहे. तो सूरजकुंड किल्ल्यावर आजही दाखवितात. किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजे डुंगरसिंह व कीर्तिसिंह यांच्या काळी, जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. काही उभ्या, काही पद्मासनात बसलेल्या. गोपाचलावरील बसलेली पार्श्वनाथाची मूर्ती 42 फूट उंच आहे, तर उरवाई खोऱ्यातील आदिनाथाची उभी मूर्ती 57 फूट. 1528 साली बाबर येथे आला, त्याला या नग्न मूर्ती रुचल्या नाहीत, आणि त्याच्या हुकमाने पुष्कळांचे चेहरे फोडण्यात आले. पुढे श्रावकांनी काहींची मुखे पुन्हा घडविली. उरवाईचा चढ हा आमचा सकाळच्या फिरण्याचा रस्ता. चेहरा फोडला तरी ज्यांची बैठक मोडली नाही असे ते दगडी योगी रोज पाहावयाचे आणि घरी येऊन दाव्याचे कागद चाळावयाचे, असा आमचा क्रम होता. त्यांच्या बसण्याचा आणि आपला काही संबंध आहे, असे कधी मनात आले नाही.

तो संबंध ज्या दाव्याने जोडला तो आमच्याच घरचा होता. वडील वारले आणि आम्हा दोघां भावांत वाटणीचा वाद उपस्थित झाला. घर, दुकानाचा गाळा, थोडे दागिने यांची वाटणी कायद्याने होते. परंतु देवांची होत नाही. कुटुंबाच्या देवमूर्ती आणि पूजेची जागा ही स्वभावतःच अविभाज्य, असे हिंदू कायदा मानतो. मूर्ती वडील भावाकडे ठेवून इतरांना दर्शन-पूजेची मोकळीक द्यावयाची, नाही तर पूजेच्या पाळ्या लावावयाच्या, असे दोनच मार्ग न्यायालये सुचवितात. 1925 साली कलकत्त्याच्या मलिक घराण्याचा असाच वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला होता. आपल्या पाळीत देव आपल्या घरी नेता येईल काय, हा प्रश्न होता. मूर्ती ही निर्जीव वस्तू नव्हे, कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती आहे, तिच्या स्थानाविषयी तिचीही इच्छा विचारात घ्यावयास हवी, आणि ती इच्छा मांडण्यासाठी या भांडणात ज्याचा स्वार्थ नाही असा कोणी तिच्या बाजूने नेमावा, असा तो प्रसिद्ध निकाल. आम्ही तो निकाल दादांविरुद्धच्या दाव्यात मोठ्या आवेशाने पुढे केला. आमचे देव दादांच्या देवघरात होते. आम्हांस पाळी हवी होती.

याविषयी आम्ही आप्तेष्टांना जी हकीगत सांगत आलो ती अशी. सहा वर्षांपूर्वी चवथीच्या दिवशी सकाळी आम्ही नारळ आणि दूर्वा घेऊन दादांच्या घरी गेलो. देवघराला कुलूप होते. वहिनी दारात खाली मान घालून उभ्या होत्या. आम्ही नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि परतलो. ज्याने भावाला देवाच्या दारातून परत पाठविले त्याच्याशी बोलणे ते काय? तेव्हापासून आम्ही बोललो नाही. ऐकणारे हळहळत, दादांना दोष देत, आणि आम्ही ती हकीगत पुन्हा सांगावयास मोकळे होत असू.

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या मुलाने जेवताना सहज विचारले, "बाबा, मोठे काका कोणत्या गावी असतात?" दादा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पुढे थोड्याच दिवसांनी एका स्नेह्याने इगतपुरीच्या शिबिराची गोष्ट काढली आणि आम्ही अर्ज भरून टाकला. भावाशी बोलण्याचे धैर्य नाही म्हणून मुळीच न बोलण्याच्या ठिकाणी पळालो, असे कोणी म्हटल्यास ते अगदी खोटे ठरणार नाही.

मे महिन्यात ग्वाल्हेर तापलेल्या तव्यासारखे असते. जूनच्या आरंभी, लू वाहत असताना, आम्ही सकाळी पंजाब मेलमध्ये बसलो. झाशी, भोपाळ, इटारसी, रात्री भुसावळ, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इगतपुरी. पुढे कसाऱ्याचा घाट असल्यामुळे गाड्या येथे थांबतात आणि उतार लागण्यापूर्वी ब्रेक तपासून घेतात. फलाटावर उतरताच गार वारा अंगाला लागला आणि सबंध उन्हाळ्यात प्रथमच आम्ही शाल काढली.

धम्मगिरी हे केंद्र गावाच्या कडेला डोंगराच्या पायथ्याशी आहे. तेथे शिबिरे 1976 पासून भरत आली आहेत. दुपारी नावनोंदणी झाली. अर्जातच शारीरिक व मानसिक आजारांची चौकशी असते, आणि ही साधना वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही, हेही स्पष्ट लिहिलेले असते. फोन, पुस्तके, वही, लेखणी सर्व जमा करावयाचे. लेखणी देताना आमचा हात किंचित अडखळला. स्वयंसेवकाने पाहून न पाहिल्यासारखे केले; त्याला हे रोजचेच असावे. शुल्क काही नाही. दहा दिवस पूर्ण केल्यावर ज्याला वाटेल त्याने पुढच्या साधकांसाठी दान द्यावे. आधी देऊ केले तर घेत नाहीत. गोमंतकात देवदर्शनाला गेले असता अग्रशाळेत उतरण्याची सवय असलेल्या आम्हांस ही व्यवस्था अनोळखी वाटली नाही. अनोळखी वाटली ती शांतता. अग्रशाळेत काय कमी गलबला असतो?

ज्यांनी ही साधना भारतात परत आणली त्या सत्यनारायण गोएंकांची कथा आमच्या वाचकांना जवळची वाटेल. 1924 साली मंडालेस एका मारवाडी सनातनी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गीतेवर श्रद्धा, व्यापारात यश आणि ब्रह्मदेशातील हिंदू समाजात पुढारीपण. डोकेदुखीचा असा असाध्य विकार जडला की मॉर्फिन घ्यावे लागे. परदेशच्या वैद्यांनी हात टेकले तेव्हा ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू संन्यासी नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते पहिले अकाउंटंट जनरल होते. केवळ डोकेदुखीसाठी आला असशील तर ही विद्या तुला देणार नाही, असे त्यांनी प्रथम बजावले. आपला धर्म तर सुटणार नाही ना, अशी शंका गोएंकांनाही होतीच. 1955 मध्ये त्यांनी पहिले शिबिर केले, 1969 मध्ये ते भारतात आले, आणि 2013 साली मुंबईत त्यांचे निधन झाले. आजही रोज संध्याकाळी त्यांचीच ध्वनिमुद्रित प्रवचने साधक ऐकतात. वकील म्हणून आम्हांस आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. 1975 साली जयपूरच्या तुरुंगात आणि 1994 साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात अशी शिबिरे झाली. तिहारमध्ये एका वेळी हजारावर कैदी बसले होते. ज्यांना आमचे युक्तिवाद सोडवू शकले नाहीत ते निदान आपल्या आत डोकावून आले.

नियमांपैकी एकच आम्हांस टोचला. शिबिराच्या काळात जप, पूजा, उपवास, माळ, गंडा हे सारे बाजूस ठेवावयाचे. आईने शेवटच्या आजारात आमच्या कानात मंगेशाचे नाव घातले होते आणि रोज एक माळ करण्याचे वचन घेतले होते. अकरा वर्षांत ती माळ चुकली नव्हती. देव दादांकडे, माळ आमच्याकडे, अशी वाटणी जणू आईनेच करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आचार्यांना भेटण्याची मुभा असते तेव्हा आम्ही हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. ते शांतपणे म्हणाले, "कुणाच्या उपासनेची निंदा येथे नाही. दोन औषधे एकदम घेतली तर गुण कशाचा आला हे कसे कळणार? दहा दिवस हेच करून पाहा. नंतर जे योग्य वाटेल ते ठेवा." आम्ही मनाशी म्हटले, म्हणजे हा दावा फेटाळला नसून केवळ स्थगिती आहे. स्थगितीचे मोल वकिलास कोणी सांगावयास नको. तरीही त्या रात्री दिवा मालवल्यावर बोटे आपसूक मणी शोधीत होती.

दिनक्रम कडक आहे. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून साडेसहापर्यंत ध्यान, मग न्याहारी. आठ ते अकरा ध्यान, अकराला जेवण. एक ते पाच पुन्हा ध्यान. पाचला चहा, कुरमुरे, एखादे फळ. त्यानंतर अन्न नाही. सहाला सामूहिक बैठक, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. बेरीज केली तर दहा तासांहून अधिक वेळ बसण्याचा. भोजन साधे, सात्त्विक. पानावर वरण, भात, पोळी, भाजी पाहून दुसऱ्या दिवशी आम्ही मनात म्हटले, आज सोमवार. तिसऱ्या दिवशीही तेच. सारस्वताच्या घरी सोमवार हा मासळीविना काढावयाचा वार. असे दहा सोमवार एकापाठोपाठ एक आले आणि गेले. ग्वाल्हेरीस मासळी ती कितीशी मिळते! पण मनाचा स्वभावच असा की जे घरीही मिळत नव्हते त्याचा उपवास येथे जाणवावा.

पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहावयाचा. घ्यावयाचा नाही, रोखावयाचा नाही, आहे तसा पाहावयाचा. यास आनापान म्हणतात. ऐकावयास याहून सोपे काही नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसणाऱ्याच्या आसनाची उंची किती असावी हेसुद्धा सांगितले आहे. लहानपणी तो अध्याय पाठ म्हणताना आम्हांस वाटे, एवढ्या बारीकसारीक गोष्टी भगवंतांनी कशाला सांगाव्यात? पहिल्याच दिवशी कळले. गुडघे, कंबर, मान यांनी आमच्याविरुद्ध एकत्रित तक्रार दाखल केली होती. आणि मन? दोन श्वास पाहिले की ते थेट ग्वाल्हेरला जाऊन कोर्टात उभे राही. आम्ही डोळे मिटून दादांचा उलटतपास घेत होतो. प्रश्न आमचे, उत्तरेही आमचीच, आणि निकाल प्रत्येक वेळी आमच्या बाजूचा. तिसऱ्या दिवशी दोन बिछाने रिकामे दिसले. कोणी दोघे सोडून गेले होते. त्यांचा आम्हांस हेवा वाटला.

चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरील संवेदना क्रमाने पाहावयाच्या; सुखद असली तर हवी म्हणावयाचे नाही, दुःखद असली तर नको म्हणावयाचे नाही. ती येते, बदलते, जाते, एवढे अनुभवावयाचे. तेव्हापासून दिवसातून तीनदा एकेक तास हात, पाय, डोळे न हलविता बसावयाचे. त्याला अधिष्ठान म्हणतात. पहिल्या तासात आमचा उजवा गुडघा पेटला. हलविण्याची इच्छा इतकी तीव्र की घाम फुटला. आणि तेवढ्यात देवघराचे कुलूप डोळ्यांपुढे आले, तशी छाती आवळली, कानशिले तापली. आम्ही गुडघा विसरलो. आजवर आम्ही समजत होतो की आम्ही न्यायासाठी भांडतो. येथे प्रथम दिसले की त्या कुलपाची आठवण हा शरीरातील एक दाह आहे, आणि सहा वर्षे आम्ही त्याला वारा घालीत आलो आहो.

आमच्या खोलीत एक निफाडकडील द्राक्षबागाईतदार होते. नाव, गाव हे नंतर कळले. तेव्हा ते केवळ एक तपकिरी कांबळे आणि जाडजूड वहाणा होते. रात्री आम्ही खिडकी उघडी ठेवून निजावे, आणि मध्यरात्री त्यांनी उठून ती बंद करावी. इगतपुरीच्या वाऱ्यासाठी आम्ही हजार किलोमीटर आलो आणि हा गृहस्थ वारा अडवितो! बोलावयाचे नाही, खूण करावयाची नाही. पाचव्या रात्रीपर्यंत आम्ही त्यांना आडदांड, आपमतलबी, शेजाऱ्याची पर्वा नसलेला मनुष्य ठरवून टाकले होते.

सहाव्या दिवशी आम्हांस पॅगोडातील एक शून्यागार मिळाले. शून्यागार म्हणजे एका माणसापुरती काळोखी कोठडी. शब्द ऐकून ग्वाल्हेर आठवले. आमच्या किल्ल्याच्या वाटेवर खडकात कोरलेले चतुर्भुजाचे छोटेसे विष्णुमंदिर आहे. विक्रम संवत 933 मध्ये, म्हणजे इसवी सन 876 मध्ये, कोरलेल्या तेथील लेखात देवाच्या फुलबागेसाठी 187 हात बाय 270 हात जमीन आणि रोज 50 माळा यांची नोंद आहे. 270 आणि 50 मधले ते इवलेसे वर्तुळ पाहण्यासाठी देशोदेशींचे गणिती येतात. बागेच्या हिशेबात शून्य नसते तर 270 चे 27 झाले असते. काही नसल्याचीही जागा राखून ठेवावी लागते, तरच बाकीच्या अंकांना आपापली किंमत येते. त्या कोठडीत आम्ही आमच्या हकीगतीतून दादांचा दोष क्षणभर बाजूस ठेवला, त्या जागी काही भरले नाही, आणि बाकीचे आकडे पाहिले.

आकडे म्हणजे तारखा. वकिलाची स्मृती तारखांवर उभी असते. चवथ त्या वर्षी सप्टेंबरात होती. कुलूप त्या दिवशीचे. आणि दावा? दावा आम्ही ऑगस्टमध्ये दाखल केला होता. कुलुपाच्या आधी! अर्जाचा मसुदा आमचाच होता. कुलुपाचा उल्लेख त्यात दुरुस्तीने मागाहून घातला गेला, आणि ती दुरुस्तीही आमच्याच हस्ताक्षरात होती. सहा वर्षे आम्ही सर्वांना सांगत आलो की भावाने देवघर बंद केले म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली. खोटी साक्ष देणाऱ्यास आम्ही पिंजऱ्यात कितीदा घाम फोडला असेल! आणि ही साक्ष आम्ही शपथेवाचून, पण डोळ्यांत पाणी आणून, देत आलो होतो. गंमत अशी की ती देताना आम्ही खोटे बोलत आहो असे आम्हांस कधी वाटले नाही. त्या काळोखात आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. घंटा झाली तेव्हा गुडघा दुखत होता, पण हलवावासा वाटला नाही.

आठव्या दिवशी दुपारी पाऊस आला. ग्वाल्हेरीस पाऊस वर्दी देऊन येतो. येथे डोंगर एकाएकी दिसेनासा झाला आणि पत्र्यावर ताशा वाजू लागला. ओसरीत तीस-चाळीस पुरुष एकमेकांकडे न पाहता, न बोलता उभे होते. दूर घाटात गाडीची शिटी वाजली. आजीचे "ओगी राव" तेव्हा आठवले. आम्ही भावंडे तिच्या धाकाने गप्प होत असू, पण पाठ फिरविली की चिमटे काढीत असू. दादांशी आमचे सहा वर्षांचे मौन हे त्याच जातीचे होते. तोंड बंद आणि आत अखंड वाद. त्याला मौन म्हणणे म्हणजे तहकूब झालेल्या खटल्याला निकाल म्हणणे होय.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीची भावना करावयाची, म्हणजे सर्वांचे भले चिंतावयाचे, आणि मग मौन सुटते. प्रथम आवाज फुटेना. फुटला तो घोगरा. आमचे द्राक्षबागाईतदार हसत पुढे आले आणि त्यांनी पहिलेच वाक्य विचारले, "वकीलसाहेब, खोकला कसा आहे आता? रात्री तुम्ही झोपेत फार खोकत होता. गार वारा लागू नये म्हणून मी खिडकी लावीत होतो. विचारता तर येत नव्हते." आम्ही काय बोलणार? प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे न्यायाचे पहिले सूत्र आम्ही शेकडो वेळा कोर्टात सांगितले असेल. आणि एका सज्जन माणसाविरुद्ध आम्ही पाच रात्रींत एकतर्फी हुकूमनामा करून मोकळे झालो होतो.

वाचकांनी याचा अर्थ असा घेऊ नये की सर्वांनी उठून इगतपुरीस जावे. ही वाट शरीराला कष्टाची आहे, आणि सर्वांच्या प्रकृतीस मानवेल असेही नाही. बुद्धाच्या मार्गातील सर्व सिद्धान्त आम्हांस पटले आहेत असेही नाही. देवाचे नाव घेतल्याने मन निवळते हा आमच्या आईचा अनुभव, आणि श्वास पाहिल्याने ते निवळते हा आमचा दहा दिवसांचा. या दोहोंत दावा लावण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. अकराव्या दिवशी सकाळी केंद्राबाहेर पडल्यावर स्टेशनातील बाकावर बसून आम्ही माळ काढली. नाव तेच होते, मात्र घाई नव्हती. आमचा मंगेशही 1560 साली फिरंग्यांच्या भयाने कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास नेला गेला. स्थान बदलले म्हणून त्याचे देवपण उणे झाले नाही. दहा दिवस माळेबाहेर राहिल्याने ते होण्याची भीती आम्ही उगाच बाळगली.

ग्वाल्हेरीस परतल्यावर तीन दिवस आम्ही दादांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन माघारी आलो. चौथ्या दिवशी संध्याकाळी वर गेलो. दादा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचीत होते. लेखात आणि कोर्टात आम्ही आम्ही असतो, पण दादांपुढे उभे राहताच आमचा "मी" झाला. "दादा, मी दावा आधी लावला, कुलूप तुम्ही नंतर घातलेत. मी सगळ्यांना उलट सांगत आलो." दादांनी पत्र घडी करून बाजूस ठेवले. आम्हांस वाटले होते, द्राक्षबागाईतदारासारखेच काही स्पष्टीकरण येईल. किल्ली हरवली होती, नाही तर सोयर होते. दादा म्हणाले, "समन्स चवथीच्या आदल्या दिवशी आले. बाबांच्या तसबिरीखाली बसून मी सही केली. कुलूप मीच घातले, आणि रागाने घातले. तुझी वहिनी नको म्हणत होती."

यावर देण्याजोगी उत्तरे आमच्यापाशी पुष्कळ होती. समन्स केव्हा बजावावे हे कोर्टाचा बेलिफ ठरवितो, इथपासून सुरुवात करता आली असती. छाती आवळली, कानशिले तापली. ती येतात, बदलतात, जातात. आम्ही काही बोललो नाही. दादाही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "दहा दिवस आईची माळ बंद ठेवलीस म्हणे?" आम्ही हो म्हटले. "मग आता आत येऊन बस. दिवेलागणीची वेळ झाली."

सर्व सुरळीत झाले असे सांगितले तर ती पुन्हा खोटी साक्ष होईल. दुकानाच्या गाळ्याचा वाद अजून चालू आहे, आणि त्यात आम्ही दोघेही आपापल्या जागी ठाम आहो. देवांपुरती तडजोड मात्र कोर्टात दाखल झाली. देव दादांकडेच राहतील. पाळ्या लावल्या नाहीत. मलिकांच्या खटल्यात देवाच्या बाजूने ज्याचा स्वार्थ नाही असा मनुष्य शोधावा लागला होता. आमच्या घरात ते काम वहिनींनी सहा वर्षे वकीलपत्रावाचून केले, असे आता वाटते.

गेल्या चवथीला आम्ही नारळ आणि दूर्वा घेऊन निघालो. धाकटा मुलगा पुढे धावत होता. दोन गल्ल्या ओलांडून तो थेट दादांच्या जिन्यावर चढला. काकांचे घर त्याला आता दाखवावे लागत नाही.